किती आले आणि कोणते आले? ‘सी’ भाषेतील एका सवलतीची गोष्ट

परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेची पाने पुरली नाहीत की विद्यार्थी पुरवणी मागतो. कुणी एक घेतो, कुणी चार, कुणी एकही नाही. शेवटी सगळ्या पुरवण्या दोऱ्याने बांधल्या जातात आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत पुरवण्यांची संख्या लिहिली जाते. तपासनीसाच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा असतो. चौकटीत चार लिहिले आहे आणि हातात तीनच पुरवण्या आहेत, तर काहीतरी गहाळ झाले एवढे तरी त्याला कळते. ती चौकटच नसती तर? एखादी पुरवणी सुटून पडली तरी पत्ता लागला नसता. आणि गठ्ठ्यात खालीच असलेली दुसऱ्या विद्यार्थ्याची पाने याचीच समजून त्याने इमानेइतबारे तपासली असती.

संगणकाच्या ‘सी’ भाषेत नेमकी अशी, चौकट नसलेली एक जागा आहे. ती का निर्माण झाली, तिच्यामुळे काय सोयीचे झाले आणि काय महागात पडले, हे या लेखात पाहू. जाता जाता एक मोठा प्रश्नही आपल्यासमोर येईल: दोन पक्षांमधला करार कागदावर नसेल, तर तो पाळला जातो आहे हे पाहायचे कुणी?

आधी थोडी ओळख. ठरावीक काम करून देणाऱ्या आज्ञांच्या संचाला ‘फंक्शन’ म्हणतात. त्याच्याकडून काम करून घेताना जी मूल्ये आपण त्याच्या हाती देतो ती ‘आर्ग्युमेंट’. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला एक संख्या लागते, घात काढणाऱ्याला दोन. ही संख्या ठरलेली असते. छपाईचे तसे नाही. कधी नुसते एक वाक्य छापायचे असते, कधी वाक्यात एक नाव आणि तीन आकडे घालायचे असतात. ‘सी’मध्ये छपाईचे काम ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन करते. त्याला आज्ञा अशी देतात (रोमन अक्षरांऐवजी येथे देवनागरी वापरली आहे):

प्रिंटएफ("%एस ला %डी गुण", नाव, गुण);

अवतरणातल्या मजकुराला ‘आराखडा’ म्हणू. ‘%एस’ म्हणजे येथे शब्द छाप, ‘%डी’ म्हणजे येथे पूर्णांक छाप. आराखड्यात जितक्या खुणा, तितकी मूल्ये पुढे द्यायची. म्हणजे एकच फंक्शन कधी एक, कधी तीन, तर कधी दहा आर्ग्युमेंट घेते.

छपाई भाषेत की भाषेबाहेर?

1957 साली आयबीएमच्या 704 या संगणकासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोरट्रान’ ही भाषा तयार केली. तिच्यात छपाईची आज्ञा हा भाषेचाच भाग होता. कंपायलर, म्हणजे आपली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली, छपाईची यादी स्वतः वाचत असे. किती गोष्टी छापायच्या हे त्याला तिथल्या तिथे कळत असे, त्यामुळे आपला प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. मात्र छपाईच्या साऱ्या तऱ्हा भाषेत घालायच्या म्हणजे भाषा अवजड होते, आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी कंपायलर लिहिणाऱ्याचे काम वाढते.

1960 च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी ‘बीसीपीएल’ ही आटोपशीर भाषा रचली. तिच्यात छपाई भाषेबाहेर काढून फंक्शनच्या संग्रहात ठेवली होती. छापणारे फंक्शन हे इतर कुठल्याही फंक्शनसारखेच; हवे तर आपणही तसे लिहावे. कल्पना देखणी होती. पण ज्या क्षणी छपाई हे साधे फंक्शन झाले, त्या क्षणी ‘कितीही आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन’ ही गरज भाषेच्या दारात येऊन उभी राहिली.

सगळे डबे सारखे

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी बीसीपीएलचा गाळीव अर्क काढून ‘बी’ ही भाषा केली. जानेवारी 1972 च्या तिच्या माहितीपुस्तिकेत ‘प्रिंटएफ’ बी भाषेतच लिहून दाखवले आहे. त्यात आराखड्यानंतर ‘एक्स1’पासून ‘एक्स9’पर्यंत नऊ आर्ग्युमेंटांची नावे दिली आहेत. प्रत्यक्षात दोनच दिली तरी चालत असे, कारण कुणी मोजतच नव्हते! फंक्शन पहिल्या आर्ग्युमेंटचा स्मृतीतला पत्ता घेई आणि आराखड्यात एकेक खूण भेटली की एकेक घर पुढे सरकून तेथले मूल्य उचली.

हे इतके सोपे का झाले? कारण बी भाषेत मूल्यांना प्रकारच नव्हते. संख्या असो, अक्षर असो वा पत्ता असो, प्रत्येकाला स्मृतीतले एकच घर. एकावर एक ठेवलेल्या सारख्या मापाच्या डब्यांसारखे सगळे. पुढचा डबा हवा तर एक पायरी सरका, झाले.

पुढे याच प्रयोगशाळेतल्या डेनिस रिची यांनी पीडीपी-11 या यंत्रासाठी बी भाषेत भर घालून ‘सी’ घडवली. तिची जडणघडण मुख्यतः 1972 ची. 1973 च्या उन्हाळ्यात युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. आर्ग्युमेंट देण्याची पद्धत तीच राहिली. ती स्मृतीत एकावर एक रचली जातात; या रचनेला ‘स्टॅक’, म्हणजे चळत, म्हणतात. सीच्या कंपायलरने शेवटचे आर्ग्युमेंट आधी आणि पहिले सर्वांत शेवटी ठेवायचे, असा शिरस्ता पाळला. त्यामुळे पहिले आर्ग्युमेंट नेहमी चळतीच्या माथ्याजवळ ठरलेल्या जागी सापडे, मग त्याच्याखाली कितीही असोत. ‘प्रिंटएफ’ला एवढेच हवे होते. आराखडा हाती आला की बाकीच्यांचा माग काढता येई.

डब्यांची मापे बदलली

पण सीने एक नवी गोष्ट आणली: मूल्यांचे प्रकार. पीडीपी-11 वर साधा पूर्णांक, म्हणजे ‘इंट’, 2 बाइटांचा, मोठा पूर्णांक ‘लाँग’ 4 बाइटांचा, तर दशांशचिन्हाची ‘डबल’ संख्या 8 बाइटांची. आता चळतीत लहानमोठे डबे एकत्र आले. पुढच्या डब्याकडे जायला किती सरकायचे, हे आधीचा डबा कोणत्या मापाचा यावर ठरू लागले. आणि डब्यावर माप लिहिलेले नव्हते.

एक उदाहरण घेऊ. आराखड्यात ‘%डी’ ही खूण दोनदा आहे आणि पुढे 5 व 7 दिले आहेत. पण 5 हा ‘लाँग’ आहे. पीडीपी-11 वर ‘लाँग’चा वरचा अर्धा भाग आधी, खालचा नंतर ठेवला जाई. पहिली खूण 2 बाइट वाचते, तो 5 चा वरचा अर्धा भाग, म्हणजे 0. दुसरी खूण पुढचे 2 बाइट वाचते, तो खालचा अर्धा भाग, म्हणजे 5. कागदावर उमटते ‘0 5’. बिचाऱ्या 7 ची पाळी येतच नाही. संगणक कुठलीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या मते काहीच चुकलेले नाही.

आणखी गंमत म्हणजे ‘इंट’ आणि ‘लाँग’ दोन्ही 4 बाइटांचे असलेल्या यंत्रावर हीच आज्ञावली ‘5 7’ असे बरोबर उत्तर देते. एका यंत्रावर वर्षभर नीट चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर नेताच चुकू लागते, ती अशी.

मोजण्याचा एक चतुर प्रयत्न

निदान ‘किती आले’ एवढे तरी कळावे, यासाठी सुरुवातीच्या युनिक्समध्ये ‘एनआर्ग्ज’ नावाचे एक फंक्शन होते. त्याची युक्ती विद्यार्थ्यांना आवडेल. काम झाल्यावर चळतीवरची आर्ग्युमेंट काढून टाकण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची असे. म्हणजे फंक्शनला बोलावण्याच्या आज्ञेच्या लगेच पुढे ‘चळतीवरून इतके बाइट काढ’ अशी आज्ञा असायची. ‘एनआर्ग्ज’ त्या आज्ञेत डोकावून पाही. 6 बाइट काढायचे असतील तर 2 बाइटांची तीन आर्ग्युमेंट आली असणार! जेवणावळीनंतर उष्ट्या पत्रावळी मोजून किती जण जेवले हे ओळखावे, तसा हा हिशोब.

पण युक्ती यंत्राच्या सवयीवर उभी होती. ‘लाँग’ किंवा ‘डबल’ आले की गणित चुके. पुढे पीडीपी-11 च्या मोठ्या यंत्रांत आज्ञा आणि माहिती यांच्यासाठी स्मृतीचे वेगळे विभाग वापरता येऊ लागले. तसे केले की आज्ञावलीला स्वतःच्याच आज्ञा माहिती म्हणून वाचता येईनात, आणि ‘एनआर्ग्ज’चे डोकावण्याचे भोकच बुजले.

1978 साली ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. अशी फंक्शने सर्व यंत्रांवर चालतील अशा रीतीने लिहिण्याचा पूर्ण समाधानकारक मार्ग नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच सुमारास स्टीव्ह जॉन्सन यांनी आज्ञावलीतल्या संशयास्पद जागा दाखवणारे ‘लिंट’ हे साधन लिहिले. आर्ग्युमेंटांची संख्या जुळत नसेल तर ते बोट ठेवत असे. पण ‘प्रिंटएफ’सारख्या फंक्शनांसाठी ‘येथे मोजू नकोस’ अशी खास सूट लिंटला लिहून द्यावी लागे. परीक्षेला पर्यवेक्षक नेमला, पण एका बाकाकडे पाहायचे नाही असे त्याला सांगून ठेवले!

1989 चा तोडगा

1980 च्या दशकात सी भाषा अनेक यंत्रांवर पोहोचली. काही यंत्रे आर्ग्युमेंट चळतीऐवजी ‘रजिस्टर’मध्ये, म्हणजे प्रक्रियकाच्या अगदी हाताशी असलेल्या कप्प्यांत, देऊ लागली. आता ‘एक घर पुढे सरक’ याला अर्थच उरला नाही. म्हणून यंत्रागणिक बदलणारा तपशील झाकून ठेवणाऱ्या काही ठरावीक आज्ञा आधी युनिक्समध्ये रूढ झाल्या. मग 1983 साली अमेरिकेत सीचे प्रमाणीकरण करणारी समिती नेमली गेली आणि 1989 मध्ये प्रमाण ठरले. फंक्शनच्या घोषणेतच आर्ग्युमेंटांचे प्रकार लिहायची रीत समितीने सी++ या भाषेकडून घेतली. जेथे संख्या अनिश्चित, तेथे तीन टिंबे द्यायची. नमुना पाहा:

इंट बेरीज(इंट किती, ...)
{
    व्हीए_लिस्ट बोट;
    इंट एकूण = 0;
    व्हीए_स्टार्ट(बोट, किती);
    व्हाइल (किती-- > 0)
        एकूण = एकूण + व्हीए_आर्ग(बोट, इंट);
    व्हीए_एंड(बोट);
    रिटर्न एकूण;
}

‘बोट’ हे खरोखरच बोट आहे, वाचता वाचता ओळीवरून फिरवतात तसे. ‘व्हीए_स्टार्ट’ ते शेवटच्या नाव असलेल्या आर्ग्युमेंटच्या पुढे ठेवते. ‘व्हीए_आर्ग’ बोटाखालचे मूल्य देते आणि बोट पुढे सरकवते. किती सरकवायचे हे त्याला कळावे म्हणून प्रकार (‘इंट’) आपण सांगायचा. ‘व्हीए_एंड’ आवराआवर करते. बेरीज(3, 10, 20, 30) असे विचारले की उत्तर 60.

आता बेरीज(4, 10, 20, 30) असे विचारा. फंक्शन चौथ्या संख्येकडेही बोट नेते आणि तेथे जे काही असेल ते मिळवते. उत्तर काहीही येऊ शकते. फंक्शन तर मोजूनमापून लिहिलेले आहे, मग चूक कुणाची? 1989 च्या प्रमाणाने सरकायचे कसे हा प्रश्न सोडवला. थांबायचे कुठे आणि समोर कोणता प्रकार आहे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र बोलावणाऱ्यावरच राहिली.

ती पार पाडण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, वरच्यासारखी संख्या आधी सांगणे: ही आपली पुरवण्यांची चौकट. दुसरी, शेवटी खुणेचे मूल्य ठेवणे. दुसरी आज्ञावली सुरू करणारे युनिक्समधले ‘एक्झेकएल’ हे फंक्शन रिकामा पत्ता भेटेपर्यंत वाचत जाते. तिसरी, ‘प्रिंटएफ’सारखा आराखडा देणे. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. आलेला माल आणि त्याची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जुळतात की नाही हे फंक्शनला तपासता येत नाही.

आजच्या नेहमीच्या 64 बिटी संगणकांवर युनिक्सच्या कुळातल्या प्रणाली पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट सहा रजिस्टरांत आणि पहिली आठ दशांश आर्ग्युमेंट दुसऱ्या आठ रजिस्टरांत देतात. उरलेली चळतीवर जातात. म्हणजे ‘बोट’ आता साधा पत्ता राहिलेला नाही. पूर्णांकांत कुठवर आलो, दशांशांत कुठवर आलो, चळतीवर कुठे आहोत, अशा नोंदींची 24 बाइटांची एक छोटी वहीच झाली आहे. तरीही वरचा नमुना एकही अक्षर न बदलता चालतो. 1989 च्या तोडग्याचे हे खरे यश.

यादीच परक्याने लिहिली तर?

आतापर्यंतच्या चुका अनवधानाच्या होत्या. नवे शतक उजाडताना हीच फट हेतुपुरस्सर वापरता येते हे जगाला कळले.

समजा, आज्ञावलीला कुणी बाहेरून पाठवलेला मजकूर छापायचा आहे. योग्य रीत अशी: प्रिंटएफ("%एस", मजकूर). येथे आराखडा आपला आणि मजकूर परक्याचा. पण आळसाने अनेक जण नुसते प्रिंटएफ(मजकूर) लिहीत. मजकुरात ‘नमस्कार’ असेल तोवर दोन्ही सारखेच. पण पाठवणाऱ्याने मजकुरातच ‘%एक्स %एक्स %एक्स’ अशा खुणा घातल्या, तर परक्याचा मजकूर हाच आराखडा ठरतो. पुढे आर्ग्युमेंट दिलेलीच नाहीत. फंक्शन मात्र रजिस्टरांतले आणि चळतीवरचे जे सापडेल ते आर्ग्युमेंट समजून छापत जाते. तेथे कुणाचा परवलीचा शब्द असला तर तोही. त्याहून घातक खूण ‘%एन’: ती छापत नाही, तर आतापर्यंत किती अक्षरे छापली तो आकडा दिलेल्या पत्त्यावर लिहिते. म्हणजे परक्याला आपल्या स्मृतीत लिहिण्याची वाट मिळाली.

जून 2000 मध्ये ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ या फाइल पुरवणाऱ्या आणि त्या काळी बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत हेच भगदाड असल्याचे उघड झाले. तिच्यातून दूरचा माणूस यंत्राचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. त्यानंतर अशी भगदाडे एकामागून एक सापडत गेली. तो धडा पुरता पचला नव्हता हे जून 2021 मध्ये दिसले. ‘%पी%एस%एस%एस%एस%एन’ असे नाव दिलेल्या वाय-फाय जाळ्याला जोडताच आयफोनचे वाय-फाय बंद पडत होते. जाळ्याचे नाव हा नुसता मजकूर, पण कुठेतरी तो आराखडा म्हणून वाचला जात होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने दुरुस्ती दिली.

दरम्यान राखण करायला कंपायलर पुढे आला होता. आराखडा आज्ञावलीतच लिहिलेला असेल तर आजचे कंपायलर तो स्वतः वाचतात, खुणा आणि आर्ग्युमेंट जुळवून पाहतात आणि गफलत असेल तर इशारा देतात. काही प्रणालींनी ‘%एन’ खूण बंदच केली. फोरट्रानचा कंपायलर 1957 साली छपाईची यादी स्वतः वाचत होता. सीचा कंपायलर लांबचा वळसा घालून त्याच कामाला आला, असे म्हणता येईल. पण आराखडा चालू आज्ञावलीत बाहेरून येणार असेल, तर तो बरोबर आहे की नाही हे कंपायलरला आधी कळण्याचा मार्ग नाही.

पुढच्या भाषांनी वेगळी वाट धरली. जावा भाषेत 2004 पर्यंत अशी सोयच नव्हती. आली तेव्हा सगळी आर्ग्युमेंट एका यादीत बांधून, यादीची लांबी सोबत देऊनच आली. पायथन आणि गो या भाषाही संख्या मालाबरोबरच पाठवतात. सी++ ने 2011 मध्ये प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार कंपायलरला माहीत राहील अशी सोय केली. या साऱ्यांनी उत्तरपत्रिकेवर चौकट छापली. सीने मात्र आपली रीत सोडलेली नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताज्या प्रमाणात तर तीन टिंबांआधी एकही नाव असलेले आर्ग्युमेंट नसले तरी चालते.

मग रिची आणि थॉम्प्सन यांचे चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. छपाई भाषेबाहेर ठेवल्यामुळेच सी लहान राहिली. लहान राहिली म्हणूनच ती यंत्रामागून यंत्रावर नेता आली. शिवाय 1972 साली आज्ञावली लिहिणारा, ती चालवणारा आणि तिला माहिती पुरवणारा ही माणसे बहुधा एकाच इमारतीत असत. त्यांच्यातला करार तोंडी असला तरी भागत होते. अडचण आली ती तोच तोंडी करार अनोळखी माणसांच्या जगात तसाच चालू राहिला तेव्हा.

वर्गात हा विषय शिकवताना ‘बेरीज’चे उदाहरण फळ्यावर लिहावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे: या फंक्शनला चार सांगून तीनच संख्या दिल्या, तर ते ओळखण्यासाठी तुम्ही फंक्शनच्या आत काय बदल कराल? बराच वेळ खटपट केल्यावर आत काहीच करता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगेल. चौकट भरायची असते ती गठ्ठा बांधणाऱ्याने, आणि ती खरी भरायची असते.